पालथा गठ्ठा

चहा आधी घ्या, गार होईल. माझं बोलणं सावकाश असतं आणि चहा काही त्याच्यासाठी थांबत नाही.

मी माझ्या सुनेची नोकरी सुईदोऱ्यानं शिवून टाकली होती, त्याची ही गोष्ट. स्वतःच्या हातानं, पक्की शिवण घालून. मनात वाईट काही नव्हतं. वाईट करायचं असतं तर इतकं नीट जमलंच नसतं.

मी बाइंडर. शाळा चौथीपर्यंत. नारायण पेठेत एका बाइंडिंगच्या दुकानात बेचाळीस वर्षं काढली. कॉलेजातल्या लोकांचे प्रबंध, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, कुणाच्या आजोबांच्या पोथ्या, सगळं हाताखालून गेलं. वाचलं मात्र एकही नाही. तुम्ही म्हणाल, असं कसं? अहो, नियमच होता तसा. पहिल्याच दिवशी मालकांनी समोर बसवून सांगितलं, "दत्तू, बाइंडरनं पानं मोजायची, कोपरे जुळवायचे. वाचायचं नाही. वाचायला लागलास की शिवण वाकडी गेलीच म्हणून समज."

मी ते फार मनावर घेतलं. घरी पेपरसुद्धा मी आधी कोपरे जुळवून मग वाचतो.

आमच्याकडे कटिंग मशीनवर गफूर होता. त्याच्या घरात तीन पिढ्या हेच काम, आजोबाही पेठेत कागदच कापायचे. गफूर माझ्या अगदी उलटा. कापायच्या आधी दोन ओळी वाचल्याशिवाय त्याचा हात चालत नसे. एकदा मी एका प्राध्यापकांच्या शेतीच्या प्रबंधात पाककृतींची सोळा पानं शिवली. माप तंतोतंत सारखं होतं, मला कसं कळणार? गफूरनं मशीनवर ठेवण्याआधी उघडून पाहिलं आणि म्हणाला, "दत्ता, ज्वारीवर कीड पडल्यावर श्रीखंड कसं करायचं, ते छान दिलंय यात."

सगळं उसवून परत शिवावं लागलं. "बांधायच्या आधी एकदा वाचत जा रे," हे वाक्य गफूरनं मला बेचाळीस वर्षं सांगितलं. मी बेचाळीस वर्षं मान हलवली.

असो. आता त्या वर्षाकडे येतो.

ते वर्ष आम्हाला जडच गेलं. पाडव्याच्या आसपास दुकान बंद झालं. लोक प्रबंध सीडीवर द्यायला लागले. सीडीला शिवण कुठून घालणार? मालकांनी निरोप देताना मला किरमिजी कापडाचा एक तुकडा आणि घड्या दाबायची माझी हाडाची पट्टी दिली. आणि पावसाळ्यात मला झटका आला. उजवी बाजू गेली. हळूहळू परत आली म्हणा, पण हात जड राहिला आणि जीभ अडखळायला लागली. गफूरचं म्हणणं, मी मुळातच इतका सावकाश बोलतो, की झटका आला हे त्याला पंधरा दिवसांनी लोकांकडून कळलं.

मुलगा सुनील कंपनीच्या कामावर वर्षभर हैदराबादला. तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांकडे मंदी आलेली. रजा मागणाऱ्याला कायमचीच रजा मिळायची. मग रजा कुणी घेतली? सुनेनं. अश्विनी तिचं नाव. खराडीतच, आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर तिची कंपनी. दोन महिने बिनपगारी घरी बसली. डॉक्टरांनी बोटांचे व्यायाम सांगितले होते. तो रबरी चेंडू दाबायचा मला कंटाळा यायचा, तर ही रोज सकाळी माझ्यासमोर परात ठेवायची. "बाबा, कणीक मळा." मी मळायचो. पोळ्या अशा व्हायच्या की पुठ्ठ्याच्या जागी लावाव्यात. ती चहात बुडवून खायची. एकदासुद्धा तोंड वाकडं केलं नाही.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिसेंबर संपत आला होता. एका शुक्रवारी अश्विनी ऑफिसातून आली ती जेवणाच्या टेबलावर एक छापील कागद घेऊन बसली. पेन हातात, पण लिहीत काही नव्हती. मी समोर बसून भाजी निवडत होतो.

"कसला कागद गं?"

"अप्रेझलचा फॉर्म आहे, बाबा. वर्षभरात आपण काय काय मिळवलं, ते लिहायचं."

"कुणी लिहायचं?"

"आपणच."

"स्वतःच स्वतःचं?"

"हो."

मला ही फार नवलाची गोष्ट वाटली. बेचाळीस वर्षांत मालकांनी मला दोनदा 'बरं झालंय' म्हटलं होतं आणि त्यातलं एकदा ते कापडाबद्दल होतं. इथे माणूस स्वतःच लिहिणार, मी हे छान केलं, ते छान केलं?

"आणि खोटं लिहिलं तर?"

"थोडं थोडं सगळेच लिहितात." ती हसली. मग हसू गेलं. "माझ्याकडे खोटं लिहायलाही काही नाही, बाबा. दोन महिने मी नव्हतेच. आल्यावर महिनाभर अर्धा दिवस. आमच्याकडून दहा जणांना काढणार म्हणतायत. सोमवारी चेन्नईचे मोठे साहेब येणार आहेत, फॉर्म आणि वर्षभराच्या कामाचे कागद घेऊन एकेकाला आत बोलावणार."

"मग लिही ना, सासरा आजारी होता म्हणून."

"ते नाही लिहीत कुणी. रजेच्या अर्जावरसुद्धा मी फक्त 'घरगुती कारण' लिहिलं होतं."

म्हणजे तिच्या कागदावरची ती रिकामी जागा मी होतो. मेथीची जुडी हातात तशीच राहिली.

थोड्या वेळानं मी विचारलं, "तुझ्याकडे असा एक जास्तीचा फॉर्म आहे का?"

"कशाला?"

"मलाही भरायचाय."

तिला वाटलं मी तिला हसवायला म्हणतोय. पण दिला. कुठल्या चौकटीत काय विचारलंय ते मराठीत पेन्सिलीनं लिहूनही दिलं. कागद जाड, गुळगुळीत, एका बाजूला छापलेला. मी बोटांनी चाचपून पाहिला. पुठ्ठ्याच्या आतून चिकटवायला, ज्याला आम्ही अस्तर म्हणतो, त्याला एक नंबर कागद. सवय आहे, काय करणार?

आता मला काही सुचेना. बरं, विचारावं कुणाला? मी गफूरला फोन लावला. हेही नवीनच, मोबाइलवर मी आपणहून केलेला पहिला फोन.

"गफूर, या वर्षात तू काय मिळवलंस?"

तो म्हणाला, "दत्ता, डॉक्टरला दाखवलंस का परत?"

मी सगळं समजावलं. तो म्हणाला, "माझं लिही, मोतीबिंदू काढला. आता बायको स्पष्ट दिसते. हे मिळवलं म्हणायचं की गमावलं, ते तुझ्या कंपनीला विचारून सांग."

शनिवारी सकाळी खाली गेलो. सोसायटीच्या फाटकाशी लोणी काळभोरची एक बाई भाजीचा गाडा लावते, शेवंताबाई. तिलाही विचारलं.

"म्या व्हय?" तिनं वजन काट्यात टाकता टाकता विचार केला. "यंदा येक बी दिस गाडा चुकवला न्हाई. पाऊस असू दे, ताप असू दे. आन् थोरलीला नर्शिंगला घातली. आजून काय हाय?"

"हे पुष्कळ आहे."

"आन् तुमचं काय हो, आज्जा?"

"माझं काही नाही."

"काय न्हाई कसं? आखाडात सूनबाईनं आन् वॉचमननं धरून खाली आनलं व्हतं तुमास्नी. मान अशी येका बाजूला. आज कोथमिरीचा भाव करायला येकटं आलाय. त्ये लिवा की."

मी वर आलो आणि लिहायला बसलो. उजव्याच हातानं. अक्षर मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखं, पण वाचता येत होतं. काय लिहिलं ते सांगतो, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

शर्टाची सगळी बटणं स्वतः लावली, नारळी पौर्णिमेपासून. लिफ्टनं एकटा खाली गेलो. वर येताना चौथ्या मजल्यावर चुकून उतरलो, त्या लोकांनी चहा दिला, ओळख झाली. 'श' म्हणता येऊ लागला. कणीक बरी मळतो. भात एकदा केला, तो एकदाच केला.

अडचणी काय आल्या, या चौकटीत लिहिलं, दुकान बंद, झटका. मदत कुणाची झाली, या चौकटीत जागा पुरेना. सून अश्विनी, दोन महिने बिनपगारी रजा, परात, जाड पोळ्या, सगळं बारीक अक्षरात कोंबलं. पुढच्या वर्षी काय करणार, त्यात एकच ओळ: सुनेला माझ्यामुळे रजा लागू नये.

शेवटी पाचपैकी स्वतःला गुण द्यायचे होते. एक देणं बरं दिसेना. तीन म्हणजे फुशारकी झाली असती. दोन दिले.

आणि नाव? नावाची चौकट मी मोकळी सोडली. आपल्याच घरात आपलं नाव कशाला लिहायचं?

एवढ्यात अश्विनी झेरॉक्सच्या दुकानातून आली. मला एकदम लाज वाटली, स्वतःची स्तुती लिहिताना सापडल्यासारखी. तिनं हातातला जाड गठ्ठा टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला आत गेली. मी माझा फॉर्म पटकन त्या गठ्ठ्याखाली सरकवला. आणि विसरलो.

तिच्या वर्षभराच्या कामाचे ते कागद. धूळ बसू नये म्हणून तिनं गठ्ठा पालथा ठेवला होता. माझा फॉर्मही मी घाईत पालथाच सरकवला. तिचा स्वतःचा फॉर्म भरून झाला होता. तो वेगळा, साखरेच्या डब्याखाली, तोही पालथा. आमच्या घरात त्या दिवशी सरळ असं काही नव्हतंच.

"सोमवारी जाताना स्पायरल बाइंडिंग करून घेईन," ती म्हणाली.

स्पायरल. माझ्यासमोर. ज्या घरात बेचाळीस वर्षांचा बाइंडर बसलाय, त्या घरातले कागद त्या तारेच्या वेटोळ्यात घालणार? पुस्तक आहे की चकली?

हे बोलायचं होतं, पण मी बोलायला सुरुवात करेपर्यंत विषय बदललेला असतो.

रविवारी ती बहिणीच्या डोहाळेजेवणाला गेली. दार बंद झाल्याबरोबर मी माळ्याखालचं माझं गाठोडं काढलं. सुई, दोरा, दाभण, हाडाची पट्टी, ते किरमिजी कापड. मैद्याची खळ शिजवली. खरं सांगतो, मला फाइलीची जितकी काळजी होती, तितकीच हाताची उत्सुकता होती. झटक्यानंतर सुई धरलीच नव्हती. धरता येईल का?

सुईत दोरा ओवायला अर्धा तास लागला. पण गेला. पहिला टाका डगमगला. दुसरा जरा बरा. चौथ्या टाक्याला बोटांना जुनी ओळख पटली आणि मग मी त्यांना अडवलं नाही.

गठ्ठा पालथाच उचलला, कोपरे ठोकून जुळवले, शिवला. वाचलं काही नाही. नियम. शिवाय इंग्रजी.

पुठ्ठे बसवले, कापड चढवलं. आता अस्तराला दोन कागद हवे होते. एक जुन्या कॅलेंडरचा घेतला. दुसरा? साखरेच्या डब्याखाली कोरा, जाड, गुळगुळीत कागद दिसला. वाटलं, पोरगी गुणाची, कव्हरसाठी वेगळा कागद काढून ठेवलाय. पहिल्या पुठ्ठ्याला आतून खळ लावली, त्यावर कागद तसाच उचलून चिकटवला, पट्टीनं घासून असा बसवला की एक बुडबुडा नाही. वर पांढऱ्या चिठ्ठीवर 'सौ. अश्विनी' लिहिलं आणि तांदळाचा डबा ठेवून दाबून ठेवलं.

संध्याकाळी ती आली. किरमिजी कडा डब्याखालून दिसत होती. ती जवळ गेली, बोट फिरवलं आणि माझ्या हाताकडे बघत राहिली.

"तुम्ही शिवलंत? या हातानं?"

मी मान हलवली. तिचे डोळे भरून आले.

"बाबा, फॉर्म घेतलात ना आत?"

"सगळं घेतलं. एक कागद बाहेर सोडला नाही."

यातलं एक अक्षर तरी खोटं आहे का, तुम्हीच सांगा.

सकाळी ती फाइल पेपरात गुंडाळून निघाली, तेव्हा मी बजावलं, "अकरापर्यंत उघडू नको. खळ ओली आहे, पुठ्ठा वाकेल." ती म्हणाली, "साहेबांसमोरच उघडते."

ती गेल्यावर मला वाटलं, आपल्या फॉर्मात एक ओळ वाढवावी. सुई धरली, फाइल बांधली. फॉर्म शोधायला लागलो. टेबलावर नाही. पेपरांत नाही. देवांपाशी नाही. गादीखाली पाहिलं, तिथे मागच्या दिवाळीचं ग्रीटिंग सापडलं.

मग मी टेबलासमोर बसलो आणि आठवत गेलो. बोटानं टेबलावर दाखवत दाखवत. गठ्ठा इथे होता. तिची चाहूल लागली. मी फॉर्म सरकवला, तो गठ्ठ्याखाली. गठ्ठा पालथा. आणि पालथ्या गठ्ठ्यात सगळ्यात खालचा कागद, उघडल्यावर कितवा?

पहिला.

आणि साखरेच्या डब्याखालचा तो कोरा कागद? मी डबा उचलून पाहिला, जणू तो परत येऊन बसला असेल. कोरा म्हणजे मागून कोरा. पुढून काय होतं, ते मी कुठे पाहिलं होतं?

घड्याळात साडेदहा. अश्विनीला फोन लावला, तो बंद. हाडाची पट्टी खिशात टाकली, का टाकली माहीत नाही, आणि रिक्षा केली.

कंपनीच्या फाटकावर वॉचमननं वही पुढे केली. "आजोबा, नाव लिहा. कुणाला भेटायचं?"

"पुस्तकाला," मी म्हणालो. घाईत दुसरा शब्द येईना.

"इथं पुस्तकं नसतात. कॉम्प्युटर असतात."

"माझ्या सुनेकडे आहे. लाल आहे. उघडायच्या आत परत न्यायचंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग फोन उचलून वर कळवलं, "अश्विनी मॅडमचे सासरे आलेत. पुस्तक परत मागतायत." मला म्हणाला, "घरी भांडण झालं का?"

वर नेलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. काचेची खोली. आत अश्विनी उभी, चेहरा माझ्या कापडाच्या रंगाचा. समोर चेन्नईचे साहेब, आणि शेजारी तिच्या वरिष्ठ वानखेडे मॅडम. मॅडम अमरावतीकडच्या, हे अश्विनीनं सांगितलेलं. फाइल त्यांच्या हातात, पहिलं पान उघडं. त्या एकेक ओळ वाचून साहेबांना इंग्रजीत सांगत होत्या. त्यातले मला दोनच शब्द कळले. बटन आणि लिफ्ट.

तेवढे पुरे झाले.

मी दारात उभा राहिलेला पाहून मॅडम म्हणाल्या, "तुम्ही असे उभे काऊन, काका? या आत. हे साहेब विचारून राहिले, की ह्या पोरीला ऑगस्टपर्यंत शर्टाची बटणं लावता येत नव्हती काय?"

"मॅडम, मी मघापासून सांगतेय, हे माझं नाही," अश्विनी रडवेली झाली होती.

"अगं, पण नाव तर तुझंच आहे ना वरती. आणि लिफ्टनं चौथ्या मजल्यावर जाऊन चहा कोणाकडे प्यायली तू? साहेबांना वाटून राहिलं, दुसऱ्या कंपनीत मुलाखत देऊन आली."

मी म्हणालो, "तो मी प्यायलो."

सगळे थांबले. थांबले ते बरं झालं, मला वेळ लागतो. मी सांगितलं, तो फॉर्म माझा. हिचा फॉर्म मी चिकटवून टाकलाय. हिनं काही केलेलं नाही, मी बाइंडर आहे.

"चिकटवला? कुठे?"

मी पुठ्ठ्याच्या आतला पांढराशुभ्र कागद दाखवला. मॅडमनी त्यावरून हात फिरवला. "बाप्पा. किती सफाईनं चिकटवला."

कामाची तारीफ झाली तीही अशा जागी.

मी विचारलं, "इथे उकळतं पाणी मिळेल का?" चहाच्या खोलीतून किटली आली. गोंद वापरला असता तर सगळं संपलंच होतं. पण खळ होती, आणि खळ वाफेपुढे नरमते. मॅडमनी किटली धरली, साहेबांनी आपला रुमाल ओला करून दिला. काचेबाहेर कॉम्प्युटरवाली पोरं हातात कॉफीचे कप घेऊन गोळा झाली. मी खिशातून हाडाची पट्टी काढली, कोपऱ्याखाली सरकवली आणि श्वास धरून सावकाश, बोटभर, मग दोन बोटं, असा कागद सोडवत गेलो. एकदाही फाटला नाही. अश्विनीची सही होती तिथे तर मी इतका हळू गेलो, की साहेब मध्येच उठून एक फोन करून आले.

फॉर्म निघाला. ओला, पण अक्षर शाबूत. बॉलपेन होतं.

मॅडमनी तो वाचला. तीन-चार ओळीच होत्या. मग त्यांनी परत माझा घेतला. मदतीच्या चौकटीत बोट ठेवून त्या बारीक अक्षर बराच वेळ वाचत राहिल्या. या वेळी साहेबांना लगेच काही सांगितलं नाही. अश्विनीला म्हणाल्या, "दोन महिने तू हे करत होती? मला 'घरगुती कारण' लिहून दिलं तू. मी समजले, दुसरीकडे नोकरी पाहून राहिली. काढायच्या यादीत नाव टाकलं होतं ना तुझं मी."

अश्विनी खाली बघत म्हणाली, "घरचं ऑफिसात कशाला सांगायचं, मॅडम?"

मॅडमनी साहेबांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. त्यात परात आली नाही, परातीला इंग्रजी नसावं. पण पोळी थापल्यासारखा हात त्यांनी करून दाखवला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या शर्टाचं वरचं बटण सहज चाचपलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. जानेवारीअखेर दहा जण गेले, त्यात अश्विनी नव्हती. जे गेले त्यांचं वाईट वाटलं. त्यांच्याही घरी कुणीतरी कणीक मळत असेल, कुणाला माहीत.

फाइल आठवड्यानं परत आली. माझा फॉर्म तिच्यात शिवलेलाच होता, तो काढायला कुणाचा जीव झाला नाही. खाली वरिष्ठांनी भरायची एक चौकट असते, ती माझ्या लक्षातच आली नव्हती. ती मॅडमनी भरली होती. माझे दोन गुण खोडून तीन केले होते. चौथीनंतर पहिल्यांदा कुणी मला लेखी गुण दिले. त्यापुढे इंग्रजीत एक ओळ होती.

"काय लिहिलंय गं?" मी अश्विनीला विचारलं.

ती ओठ दाबून हसायला लागली. "काम उत्तम. बांधण्याआधी वाचण्याची सवय लावावी."

मी लगेच गफूरला फोन केला. आता नंबर पाठ झालाय. सगळं सांगितलं, तीन गुण आणि इंग्रजीतला शेरा, दोन्ही.

तो म्हणाला, "चुकलंच माझं. बेचाळीस वर्षं मराठीत सांगत बसलो."